वेग, ठेका आणि सम : मेटल आणि लॅटिन जॅझ यांच्या संगमावर एक संवाद

विद्युत गिटारवर प्रोग्रेसिव्ह मेटल आणि लॅटिन जॅझ यांचा मेळ घालणारा वादक दोन संगीतांना खरोखर सांधतो की केवळ एकमेकांशेजारी बसवतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बोटांच्या वेगात सापडत नाही. ते त्याच्या लयीच्या समजेत शोधावे लागते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारण्याला विशेष कारण आहे. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव आणि ठाण्यातील पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह यांनी जेथे श्रोत्यांच्या पिढ्या घडवल्या, त्याच शहरांत विद्युत गिटार शिकणारी मुले घरोघरी आहेत, आणि या दोन्ही संगीतांचे जाणकार अनेकदा एकाच इमारतीत राहूनही परस्परांशी बोलत नाहीत.

संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. हेवी मेटलचा जड आणि खरखरीत ध्वनी कायम ठेवून त्यात विषम मात्रांचे ठेके, लांब पल्ल्याच्या रचना आणि वारंवार पालटणारे भाग आणणाऱ्या शैलीला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये उभारलेल्या ड्रीम थिएटर या बँडच्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) या ध्वनिमुद्रिकेने ती जगभर पोहोचवली. क्यूबा, पोर्तो रिको आणि ब्राझील येथे आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी जपलेले ठेके आणि जॅझमधील स्वरसमूहांची व उत्स्फूर्त विस्ताराची पद्धत यांच्या संयोगातून लॅटिन जॅझ उभे राहिले; १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी याच्या वाद्यवृंदात क्यूबाचा तालवादक चानो पोझो दाखल झाला, तो या संयोगाचा एक ठळक टप्पा मानला जातो. या दोन प्रवाहांना एकाच वादकाच्या हातात पाहायचे असेल, तर ब्राझीलचा किको लोरेइरो हे सर्वांत स्पष्ट उदाहरण ठरते. १९७२ मध्ये रिओ दि जानेरो येथे जन्मलेला हा वादक साओ पावलोच्या आंग्रा या मेटल बँडमधून पुढे आला, २०१५ ते २०२३ या काळात तो अमेरिकेच्या मेगाडेथ या विख्यात बँडमध्ये होता, आणि या प्रवासातच त्याने लॅटिन जॅझची स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही केली.

पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित असली, तरी त्यांच्या भूमिका वास्तवातल्या आहेत. ‘बाई’ म्हणजे डोंबिवलीत अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकवणाऱ्या शिक्षिका, आणि ‘वादक’ म्हणजे लहानपणी त्यांच्याकडेच स्वरज्ञान घेऊन पुढे गिटारकडे वळलेला, आता ठाण्यात गिटार शिकवणारा त्यांचा विद्यार्थी.

१. वेगाचा प्रश्न

बाई : ख्यालात तानेला मान आहे, परंतु ती आलाप आणि बढत झाल्यानंतर येते, रागाचे रूप आधी उभे राहते आणि मग वेग त्या रूपाला उजळतो. तुझ्या या गिटारवादकांची सुरुवातच तानेने होते. ज्या वेगामागे धीर नाही, त्याला तयारी म्हणता येईल, गायकी म्हणता येणार नाही.

वादक : बाई, हा आक्षेप अनेक वादकांना लागू पडतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मेटलमध्ये उजव्या हाताने प्रत्येक स्वरावर आळीपाळीने वर-खाली आघात करणे, एकाच झटक्यात अनेक तारांवरून छेडण्याची पट्टी ओढणे आणि दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून स्वर काढणे, अशी तंत्रे इतकी विकसित झाली आहेत की तंत्र हेच साध्य वाटू लागते. तरीही लोरेइरोच्या दोन ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐकल्या, तर वेगळे चित्र दिसते. ‘नो ग्रॅव्हिटी’ (२००५) मध्ये मेटलची आक्रमकता आहे आणि अधूनमधून ईशान्य ब्राझीलच्या लोकतालांचा रंगही आहे. त्यानंतर लगेच आलेल्या ‘युनिव्हर्सो इन्व्हर्सो’ (२००६) मध्ये मात्र तो क्यूबाचा पियानोवादक यानिएल मातोस याच्यासह छोट्या जॅझ संचात बसतो, आणि तेथे त्याच्या प्रत्येक तानेला पियानो उत्तर देतो. उत्तर देणारा समोर आला की वेगाला थांबावे लागते.

बाई : म्हणजे एका ध्वनिमुद्रिकेत मेटल आणि दुसरीत जॅझ. आज धोतर नेसून उद्या पाटलोण घालणाऱ्याने दोन्ही वेशांचा मेळ घातला, असे कोणी म्हणत नाही.

वादक : आक्षेप नेमका आहे. परंतु प्रत्येक संगीत आधी त्याच्या स्वतःच्या घरी जाऊन शिकावे लागते, मगच मेळाची भाषा बोलता येते. जॉन मॅक्लॉफ्लिनने १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडद्वारे जॅझ, रॉक आणि भारतीय लय प्रचंड आवाजात एकत्र आणली. पुढे झाकिर हुसेन, एल. शंकर आणि टी. एच. विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ उभी करताना त्याने विद्युत वाद्य बाजूला ठेवले आणि तरफांच्या तारा लावलेली, पडद्यांमधले लाकूड कोरून काढलेली गिटार खास बनवून घेतली, जेणेकरून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, घेता यावी. त्या मेळासाठी त्याने आपले वाद्यच बदलले. लोरेइरोने जॅझ संचात बसणे हीही तशीच तालीम आहे.

बाई : वाद्य बदलण्याची तयारी असेल, तर बोलणे पुढे नेता येईल. जो स्वतः काहीच सोडत नाही, त्याच्या हातून मेळ होत नाही.

२. खरखरीत ध्वनी आणि भरगच्च स्वरसमूह

या टप्प्यावर वाद वाद्याच्या ध्वनीकडे वळतो, आणि येथे एक तांत्रिक अडचण आहे जी रसिकांच्या चर्चेत क्वचितच येते. मेटलमधील गिटारचा ध्वनी ‘डिस्टॉर्शन’ने घडतो: ध्वनिवर्धकाला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, मूळ स्वराच्या पटीतील उपस्वर बळावतात आणि छेडलेला स्वर बराच काळ टिकतो.

बाई : स्वर टिकतो हे ठीक, परंतु तो शुद्ध राहत नाही. ज्या स्वरात सतत घरघर आहे, त्यातून जॅझचे नाजूक स्वरसमूह कसे उमटणार?

वादक : अडचण नेमकी तेथेच आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकाच वेळी गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन न वाजवलेले स्वरही ऐकू येऊ लागतात. षड्ज आणि पंचम यांचे नाते दोनास तीन असे साधे आहे. त्यांच्या वजाबाकीतून एक उरतो, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच, आणि म्हणून ही जोडी डिस्टॉर्शनमध्ये विस्कटण्याऐवजी अधिक भारदस्त होते. गिटारवादक तिला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात आणि मेटलची बहुतेक इमारत तिच्यावर उभी आहे. बाई, तुमच्या तानपुऱ्यातली जोडीही हीच आहे.

बाई : तानपुऱ्याचे नाव घेऊन सुटका होणार नाही. जॅझमध्ये तर सा, ग, प, नी असे चार-पाच स्वर एकदम वाजतात. त्यांचे काय?

वादक : ते सगळे एकाच गिटारवर डिस्टॉर्शनसह वाजवले, तर नको असलेल्या स्वरांची गर्दी होते आणि कानाला केवळ चिखल लागतो. जाणता वादक येथे वाटणी करतो. सा, ग, प, नी यांपैकी षड्ज बास गिटारकडे सोपवायचा, आणि स्वतः फक्त गंधार आणि निषाद धरायचे. गंधारापासून निषाद हा पाचवा स्वर पडतो, म्हणजे ही जोडी षड्ज-पंचमाच्याच नात्यातली आहे. त्यामुळे डिस्टॉर्शन ती सहज पेलते, आणि तरीही बासच्या षड्जाशी मिळून कानाला जॅझचा पूर्ण स्वरसमूह ऐकू येतो. गंधार आणि निषाद दोन्ही कोमल घेतले, तरी हे नाते टिकते. मात्र शुद्ध गंधाराबरोबर कोमल निषाद आला की ते तुटते. अशा ठिकाणी वादक गिटारवरची ध्वनिखुंटी उतरवून खरखर कमी करतो किंवा तो स्वरसमूह पियानोकडे देतो.

बाई : म्हणजे संपूर्ण आकार कोणा एकाच्या हाती राहत नाही. ठुमरीत सारंगी आणि गायक एकमेकांना जागा देतात, तसेच हे. असे असेल, तर या संगीतात ऐकण्याला वाजवण्याइतकेच मोल आहे, आणि ही गोष्ट तुमच्या वर्गांत शिकवली जात नाही.

शेवटच्या वाक्यातील टीकेत तथ्य आहे. गिटारच्या वर्गांत स्वरसमूहांच्या आकृत्या पाठ करून घेतल्या जातात. त्या आकृतीतला कोणता स्वर सोडायचा आणि तो कोणासाठी सोडायचा, हे क्वचितच सांगितले जाते.

३. क्लावे, रिफ आणि तिहाई

लॅटिन संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’. लाकडाच्या दोन दांड्यांवर वाजणारा हा पाच ठोक्यांचा आराखडा सोळा सूक्ष्म मात्रांत बसतो, आणि त्याच्या सर्वपरिचित रूपात ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. पहिल्या अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन ठोके आल्याने आराखड्याच्या दोन बाजू असमान होतात, आणि पियानो, बास व तालवाद्ये या सर्वांना आपण कोणत्या बाजूवर आहोत याचे भान सतत ठेवावे लागते.

वादक : बाई, हाताने त्रितालाची टाळी धरून तोंडाने क्लावे म्हणून पाहावे. त्रितालाची टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर आहे आणि खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, नवव्या मात्रेवर. पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि ठोका एकत्र पडतात. पाचव्या मात्रेवरच्या टाळीला क्लावे एक मात्रा आधीच येऊन गेलेली असते, आणि नवव्या मात्रेवर, जेथे आपली खाली आहे, तेथे क्लावेही गप्प आहे.

बाई : गणित जुळले म्हणजे श्वास जुळला, असे होत नाही. अतिविलंबित ख्यालात एकेक मात्रा काही सेकंद लांब असते. तुझ्या क्लावेचा संपूर्ण आवर्त तेवढ्यात उलटून जातो. परंतु दोन बाजू असमान आहेत आणि वादकाला बाजू चुकवता येत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. खाली-भरीचे भान नसलेला तबलजी ठेका चुकवत नसला, तरी गायकाला तो सांभाळूही शकत नाही.

वादक : लॅटिन संगीतातही बाजू उलटी धरणे ही मोठी चूक मानतात. मेटलमध्ये गोष्ट वेगळी आहे. तेथे ‘रिफ’ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा स्वर-लयीचा तुकडा हा पाया असतो. स्वीडनच्या मेशुगा या बँडने रूढ केलेल्या रीतीत झांज चार-चारचा सरळ ठेका धरते आणि गिटार त्यावर विषम लांबीचा तुकडा चालवते. समजा, तुकडा सात मात्रांचा आहे. तो चार वेळा वाजला की अठ्ठावीस मात्रा होतात. बत्तीस मात्रांचा आवर्त पुरा व्हायला चार उरतात, तेव्हा पाचव्या वेळी तुकड्याच्या फक्त पहिल्या चार मात्रा वाजवून सगळे पुन्हा एकत्र पहिल्या मात्रेवर येतात. हे आपल्या तिहाईजवळ जाणारे आहे.

बाई : हे तिहाईच्या जवळ नाही, तिहाईच्या उलट आहे. तिहाईत तोच तुकडा तीनदा पूर्ण येतो, आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर, म्हणजे आवर्ताच्या पहिल्या मात्रेवर, पडावा म्हणून आरंभाची जागा आधीच मोजलेली असते. समेवर येणे तेथे कमावलेले असते. तू सांगतोस त्या रीतीत तुकडा मध्येच तोडून सम गाठली जाते.

वादक : हा भेद मान्य करावाच लागतो. मेटलचा आनंद त्या तुटण्यात आहे, कारण श्रोत्याला जमीन हललेली जाणवते आणि ती अचानक पुन्हा पायाखाली येते. लॅटिन पियानोवादकाचा आवर्तनात फिरणारा तुकडा मात्र क्लावेइतकाच लांब असतो. त्याला तोडावे लागत नाही, कारण ओढाताण आवर्ताच्या आतच, ठोक्यांच्या आगेमागे पडण्यात असते.

बाई : मग खरा प्रश्न हाती आला. मेटलची लय आवर्ताच्या सीमेशी भांडते आणि लॅटिन लय आवर्ताच्या आत राहून झुलते. मेळ घालणाऱ्या वादकाने या दोन्हींमधला करार कसा करायचा? त्याने सात मात्रांचा तुकडा क्लावेवर ठेवला, तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून तुकडा क्लावेच्या बाजूंवरून सरकत जाईल आणि दोन्ही कोसळतील.

वादक : सरकू द्यायचा, परंतु किती सरकला याचा हिशेब ठेवून. सात मात्रांचा तुकडा सोळा वेळा वाजला की एकशे बारा मात्रा होतात, आणि क्लावेची सात आवर्तने पुरी होऊन दोन्ही न तुटता एकत्र येतात. तेवढा धीर वादकाकडे आणि श्रोत्याकडे असेल, तर सम येथेही कमावता येते.

बाई : एवढा धीर धरणारा गिटारवादक ख्यालाच्या अंगणात आला, तर त्याला कोणी परका म्हणणार नाही.

४. आपले आणि परके

बाई : तरीही एक गोष्ट राहते. ब्राझीलच्या वादकाच्या कानावर सांबा आणि बायाओ हे ठेके लहानपणापासून पडतात. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या मुलाने मेटल अमेरिकेतून घ्यायचे आणि ठेका क्यूबातून घ्यायचा, तर त्यात त्याचे स्वतःचे काय राहिले?

वादक : ब्राझीलच्या मेटलवाल्यांनाही आपले ठेके उशिरा सापडले. लोरेइरोच्या आंग्राने ‘होली लँड’ आणि सेपुल्तुरा या बँडने ‘रूट्स’ या ध्वनिमुद्रिका एकाच वर्षी, १९९६ मध्ये, प्रसिद्ध केल्या. पहिलीत पोर्तुगीज आगमनाच्या काळातले ब्राझील हा विषय होता, आणि दुसरीत शावान्ते या आदिवासी समाजाचे गायन आणि तालवादक कार्लिन्योस ब्राउन यांचा सहभाग होता. त्याआधी त्यांच्याकडचे मेटलही बरेचसे युरोप-अमेरिकेकडेच पाहत होते. आणि ठाण्याचा या इतिहासाशी काहीच संबंध नाही, असेही नाही. १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलेला काब्रालचा पोर्तुगीज ताफा तेथून निघून त्याच वर्षी कालिकतला पोहोचला. ठाणे आणि साष्टी १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होती.

बाई : राज्यकर्ते एक होते म्हणून ठेके एक होत नाहीत. ब्राझीलचे ठेके पोर्तुगीजांनी दिलेले नाहीत. ते गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी जपले. हा इतिहास सांगताना त्यांचे श्रेय दुसऱ्याला जाता कामा नये.

वादक : श्रेय त्यांचेच आहे. पोर्तुगीज वाटेने आपल्याकडे आले ते वेगळे: गोव्यातील चर्चच्या शाळांमधले स्वरलेखनाचे शिक्षण. ते घेतलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ संचांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले, आणि पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या ‘समाधी’ (१९५०) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांच्या संगीतातून लॅटिन ठेके मराठी घरांत पोहोचले. त्या संगीतामागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा मोठा वाटा होता. म्हणजे या ठेक्यांची ओळख येथे सत्तर वर्षांहून जुनी आहे.

बाई : ओळख आहे, परंतु ती गाण्याच्या अंगावर घातलेल्या दागिन्याइतकीच. चालीचा सांगाडा बदलला नाही.

वादक : तर मग असे उदाहरण घ्यावे, ज्यात सांगाडा बदलला. ठाणे-कल्याणच्या मिरवणुकांतली बेंजो पार्टी. तिच्यातला बेंजो म्हणजे विजेवर चालवलेला बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज आहे. डाव्या हाताने टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तार अडवायची आणि उजव्या हाताने पट्टीने छेडायची, अशी त्याची रीत आहे. तारांखाली पिकअप बसवून तो कर्ण्यांतून वाजवला की त्याचा ध्वनी डिस्टॉर्शन दिलेल्या गिटारसारखा खरखरीत आणि लांब होतो. त्याच्यामागे ताशा, ढोल आणि ऑक्टोपॅड असतात, आणि पुढे कोळीगीतांच्या चाली सहा मात्रांच्या झुलत्या लयीत येतात. ही लय तीन-तीन अशी मोजता येते आणि दोन-दोन-दोन अशीही. आफ्रो-क्यूबन संगीतातल्या सहा मात्रांच्या ठेक्यांतही हाच दुहेरीपणा असतो.

बाई : ज्याला रस्त्यावरचा गोंगाट म्हणून इतकी वर्षे खिडक्या लावून घेतल्या, त्यात ही सामग्री होती, हे ऐकायला जड जाते, परंतु नाकारता येत नाही. आगरी-कोळी समाजाच्या लयीला या शहरांच्या संगीतशिक्षणात जागा मिळाली नाही, ही उणीव आपल्यासारख्या शिक्षकांचीच आहे.

५. खोली, संगत आणि रंगमंच

शेवटचा मुद्दा परिस्थितीचा आहे. डोंबिवलीच्या सदनिकेत ड्रम वाजवणे शेजाऱ्यांमुळे शक्य नसते, त्यामुळे गिटार शिकणारा मुलगा संगणकाला तार जोडून कानांवर हेडफोन चढवतो आणि यंत्रात भरलेल्या ठेक्यावर एकटा सराव करतो. या सरावाने हात अचूक होतो, यात शंका नाही. परंतु यंत्र वादकाचे ऐकत नाही आणि त्याच्यासाठी थांबतही नाही.

बाई : म्हणूनच या मुलांच्या वाजवण्यात समोरच्याकडे पाहणे नसते. ठेका लिपीतून शिकता येत नाही, तो माणसासमोर बसून शिकावा लागतो. गल्लोगल्ली तबला आणि ढोलकी शिकवणारे आहेत. तुझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जण त्यांच्याकडे जाऊन बसतात?

वादक : फार थोडे, आणि हा दोष शिकवणाऱ्यांकडेच येतो. दुसरी बाजूही सांगावी लागते. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने रॉक-मेटलच्या वादकांना उघड्यावरचा रंगमंच दिला. रंगभवन शांतता क्षेत्रात आल्यावर तो रंगमंच बंद झाला. ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक या संगीतकारांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात उभा केलेला ‘ब्लू फ्रॉग’ही २०१६ मध्ये बंद झाला. ठाणे-कल्याणच्या वादकाला अशी जागा आपल्या शहरात मिळालीच नाही. येथील नाट्यगृहे नाटकांची आणि गायनाच्या मैफलींचीच राहिली.

बाई : जागा मागण्यापूर्वी संगत मिळवा, आणि संगत मिळाल्यावर जागा नाकारली गेली, तर मागणी करायला ही म्हातारी शिक्षिकाही सोबत येईल.

निष्कर्ष

या संवादात दोन्ही पक्षांनी आपली भूमिका अंशतः सोडली आहे, आणि त्यातूनच मेळाचा निकष हाती येतो. गिटारवादकाने मान्य केले की तुकडा तोडून गाठलेली सम आणि मोजून कमावलेली सम यांत भेद आहे, तसेच यंत्रासमोर केलेली साधना अपुरी आहे. शिक्षिकेने मान्य केले की डिस्टॉर्शनचा स्वर अशुद्ध म्हणून टाकून देण्याजोगा नाही, क्लावेच्या दोन बाजूंत खाली-भरीइतकीच शिस्त आहे, आणि आपल्या रस्त्यावरच्या बेंजोत दुर्लक्षित विद्या आहे. ज्या वादनातून वेग काढून घेतला तरी ठेक्यांमधले नाते ऐकू येत राहते, तेथे दोन संगीतांचा सांधा जुळला असे समजावे. ज्यातून वेग काढताच काहीच उरत नाही, तेथे ती संगीते केवळ शेजारी होती. या कसोटीवर लोरेइरोचे महत्त्व त्याच्या बोटांपेक्षा त्याने निवडलेल्या संगतीत अधिक आहे, कारण मेटलचा नामांकित वादक असतानाही तो क्यूबाच्या पियानोवादकासमोर ऐकणारा म्हणून बसला.

हा निकष मानला, तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील गिटारवादकांनी पहिले वर्ष स्वरसप्तके पाठ करण्याइतकेच तबला, ढोलकी आणि बेंजो वाजवणाऱ्यांसमोर बसण्यात घालवावे, आणि संगीतशिक्षकांनी त्यांना दार उघडावे. राम गणेश गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आणि आचार्य अत्रे रंगमंदिर ही या शहरांतील नागरिकांच्या पैशांतून उभी राहिलेली सभागृहे आहेत. त्यांच्या वार्षिक संगीत समारोहांत एक संध्याकाळ गिटार, तबला आणि बेंजो यांच्या एकत्रित वादनासाठी राखून ठेवावी, ही मागणी दोन्ही पक्षांनी मिळून महापालिकांकडे करावी.